आतल्या पत्र्यावरची तारीख

पत्रा उलटा केला आणि आतल्या बाजूला त्याला स्वतःचं अक्षर दिसलं. यात नवल असं काही नव्हतं. वीस-बावीस वर्षं तो कचेऱ्यांमधले प्रिंटर दुरुस्त करत होता, आणि एखादा भाग बदलला की जवळच्या पत्र्यावर काळ्या मार्करनं तारीख, वेळ आणि खाली आपली खूण, म्हणजे शेपटीला गाठ मारल्यासारखी एक रेघ, काढून ठेवायची त्याला सवय होती. पुढच्या वेळी उघडताना भाग किती टिकला ते कळतं. शहरातल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात त्याचं अक्षर असणार, आणि ते अधूनमधून भेटलं की त्याला बरं वाटायचं. जुना वर्गमित्र रस्त्यात दिसावा आणि नाव न आठवताही हसू यावं, तसं. आजही तो हसण्याच्या बेतात होता. मग त्यानं तारीख वाचली. सतरा. महिना वाचला, साल वाचलं. नऊ वर्षांपूर्वीचं. त्याखाली वेळ होती, दुपारचे एक चाळीस. त्यानं पत्रा उजेडाकडे धरला, अक्षरावरून अंगठा फिरवला. धूळ निघाली, अक्षर राहिलं. आई गेली ती हीच तारीख. आई गेली बारा पन्नासला.

सकाळी तो या कचेरीत शिरला तेव्हा ओळखीचं काहीच वाटलं नव्हतं. नवी इमारत, पहिला मजला, काचेची दारं, भिंतींना अजून रंगाचा वास. सामान मात्र जुनं होतं. कोपऱ्यांना पोचे आलेली कपाटं, एकीची पाठ दुसरीला न जुळणाऱ्या खुर्च्या, आणि भिंतीलगत हा प्रिंटर, इतका थोराड की असे आता कुणी बनवत नाही. "चालू केला की टक् करतो आणि डोळे मिटतो," आवक-जावक टपाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. "साहेब म्हणतात भंगारात काढा. मी म्हटलं, एकदा दाखवून तर बघू." पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. बोलून झाल्यावरही त्या त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या, दुकानात गेल्यावर काय आणायचं होतं ते विसरलेल्या माणसासारख्या, आणि मग आपल्या टेबलाकडे गेल्या होत्या. त्यानं फार मनावर घेतलं नव्हतं. पॉवर सप्लाय बसला आहे हे त्यानं आवाजावरूनच ओळखलं. नवा बोर्ड बॅगेत होता. वायर काढली आणि शेजारी स्टूल घेऊन बसून राहिला, कारण त्या बोर्डावर अंगठ्याएवढे कपॅसिटर असतात आणि वायर उपटली तरी वीज त्यांच्यात दबा धरून बसते. दहा मिनिटं तरी हात लावायचा नसतो. ती दहा मिनिटं त्यानं खिडकीबाहेर बघत काढली. मग मागचं झाकण काढलं, पत्र्याचे सहा स्क्रू काढून वाटीत ठेवले, आणि पत्रा उलटा केला.

त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं असतं तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. इतकं ते लख्ख होतं. कुठल्याशा कचेरीचं तळघर. खाली जायला चौदा पायऱ्या, लोखंडी कठडा, तळाशी एक पिवळा दिवा. भिंतींना ओल, दोरीनं बांधलेली दप्तरं छतापर्यंत. फोनला रेंज नाही. तो तिथे कुठलासा प्रिंटर उघडून बसला होता, आणि वर शहरात, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, आई जात होती, आणि ताई एकटी तिच्या उशाशी बसून त्याला फोन लावत होती, आणि ते फोन सगळे चौदा पायऱ्यांच्या वर येऊन थांबत होते. दोन वाजता तो वर आला तेव्हा हातातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. मग तो धावत सुटला. पावणेतीनला पोचला. हे त्यानं बायकोला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं आणि सांगताना रडला होता. तिनं त्याची पाठ चोळली होती आणि म्हणाली होती, "तुझा काय दोष त्यात?" मित्रांना सांगितलं होतं. प्रत्येक वेळी तो पिवळा दिवा, तो ओलसर वास, ती दप्तरं जागच्या जागी असत. नऊ वर्षांत एक पायरी कमी झाली नव्हती की जास्त.

पत्रा हातात धरून तो किती वेळ बसला कोण जाणे. मागून कुणी तरी टाचण्यांची डबी पाडली तेव्हा भानावर आला. उठून आवक-जावकच्या टेबलापाशी गेला.

"बाई, एक विचारू का? तुमची कचेरी आधी कुठे होती?"

"इथेच, पलीकडच्या चौकात. दोन वर्षं झाली इकडे येऊन."

"तळघरात होती ना?"

"तळघरात?" बाईंनी चष्मा नाकावरून काढला. "तिसरा मजला होता हो. ऊन इतकं यायचं की पडदे लावून बसायचो. हा प्रिंटर खिडकीला होता. खाली बाग दिसायची, लहान मुलांच्या घसरगुंड्या दिसायच्या."

बाईंनी त्याच्या हातातल्या पत्र्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे तुम्हीच ते. सकाळपासून मला वाटतंय. पण तेव्हा तुम्हाला मिशी होती."

"मी आलो होतो त्या दिवशी?"

"असं काय विचारता? तुम्हाला आठवत नाही?" त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा. बसा आधी."

तो बसला. त्या बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता समोरच्या लिफाफ्यांच्या कडा जुळवत राहिल्या. साडेअकराला त्याचा फोन वाजला होता. त्यानं उचलला, ऐकला, 'हो, हो' म्हणाला आणि फोन खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. फोन परत परत वाजत होता, कट्ट्यावर गुरगुरत सरकत होता, शेवटी शिपायानं विचारलं तर म्हणाला, काही नाही, घरचा आहे. बोर्ड बदलून झाला. मग त्यानं रोलर काढून पुसले. कुणी सांगितलं नव्हतं. मग कागदाचे ट्रे धुतले. मग शेजारच्या खोलीतला लहान प्रिंटर जरा आवाज करतो म्हणून तोही उघडला, मोठ्याचा पत्रा अजून लावायचाच होता. "इतकं मन लावून काम करणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. आम्ही आपसात म्हणतही होतो. आणि मग कचेरीच्या फोनवर फोन आला. मी घेतला. बाईमाणूस होतं. म्हणाली, माझा भाऊ तिथे आलाय का, प्रिंटरवाला, त्याला म्हणावं लगेच ये. मी रिसीव्हर हातानं झाकला आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, 'निघाला म्हणून सांगा.'"

"आणि तुम्ही?"

"सांगितलं." लिफाफे जुळले होते, तरी त्या जुळवत होत्या. "काय करणार? मला वाटलं घरगुती भांडण असेल. सांगितलं, निघालेत. तर ती मला 'उपकार झाले' म्हणाली. मग तुम्ही दीड तास होतात अजून. तुम्ही गेल्यावर शिपायानं कंपनीत फोन केला काहीतरी पावतीसाठी, तेव्हा तिथल्या मुलीनं सांगितलं की त्यांची आई वारली." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, नुसत्या समोर बघत राहिल्या. "नऊ वर्षं झाली, अहो. अजून फोन उचलताना कधी कधी तो आवाज कानात येतो. मी खोटं का बोलले असेन? माझं काय जात होतं?"

तो परत प्रिंटरपाशी आला. हात आपलं आपलं काम करत राहिले. जुना बोर्ड निघाला, त्यावरचा एक कपॅसिटर डोक्यावर फुगून फुटला होता आणि कडेला तपकिरी डाग सुकला होता. नवा बोर्ड खाचेत बसला, कनेक्टर एकेक करून लागले, प्रत्येक लागताना बोटाला तो बारीक ठोका जाणवला. त्यानं या हातांकडे पहिल्यांदाच जरा भिऊन बघितलं. ते त्याला विचारत नव्हते. मालक ओरडत असला तरी, पोट दुखत असलं तरी, घरी भांडण झालेलं असलं तरी हे हात असेच चालत, आणि याचा त्याला आजवर अभिमान होता. सगळं बसवून झालं तेव्हा सवयीनं मार्कर हातात आला, टोपण निघालं, आणि जुन्या तारखेखाली आजची तारीख पडली. दोन ओळी एकाखाली एक. वळण तेच, दाब तोच. एका माणसानं एका दमात लिहाव्यात तशा. त्यानं घाईघाईनं पत्रा लावून टाकला. प्रिंटर चालू झाला, आत पंखा फिरायला लागला, पहिला कागद ऊन ऊन बाहेर आला. खोलीतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाई जागेवरून उठल्या नाहीत.

रस्त्यावर ऊन होतं. तो पलीकडच्या चौकापर्यंत चालत गेला. जुनी इमारत तिथेच होती, तिच्यात आता कसले तरी शिकवणीवर्ग होते. समोर बाग होती. त्यानं मान वर करून तिसऱ्या मजल्याची खिडकी मोजून काढली आणि तिच्याआड स्वतःला बसवून बघायला लागला. जमेना. खिडकी आठवेना, ऊन आठवेना, फोन कट्ट्यावर सरकतोय ते आठवेना. दिसत होता तो एक माणूस पाठमोरा. मानेवर घाम, सदरा पाठीला चिकटलेला, वाकून रोलर पुसतोय. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. इकडे वळ, त्यानं मनात म्हटलं. तो माणूस वळेना. आणि तळघर? तळघर मात्र हाक मारायच्या आत हजर होत होतं, पिवळ्या दिव्यासकट. बागेच्या कुंपणाला टेकून उभं असताना त्याला कळलं की ते तळघर खरंच आहे. वाचनालयाचं आहे, नदीपलीकडच्या. तिथे जायला खरंच चौदा पायऱ्या आहेत, तिथे रेंज नसते, दप्तरं छताला टेकतात. पण त्या वाचनालयाचं काम त्याला मिळालं तेच मुळी आई गेल्यानंतरच्या वर्षी. म्हणजे त्यानं ते कुठून तरी उचलून आणलं होतं आणि त्या दिवसात नेऊन बसवलं होतं, आणि इतक्या बेमालूमपणे की सांधा दिसू नये. आईची आठवण म्हणून जे जे जवळ आहे त्यातलं आणखी काय काय असं आणून बसवलेलं असेल? ती ओट्यापाशी उभी राहून गुणगुणायची, ते? ताप आला की पायाच्या तळव्यांना फुंकर घालायची, ते तरी तिचंच ना? रस्त्यावरची माणसं चालली होती. एक पाठ पुढे जात होती, तिच्यावर घामाचा डाग होता, आणि तो बरंच अंतर तिच्यामागे चालत गेला, तो माणूस एका दुकानात शिरेपर्यंत. आत शिरताना त्या माणसाचं तोंड दिसलं. कुणी परका होता.

ताई एका लाँड्रीत गल्ल्यामागे बसायची. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टोचायची. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे, पण ती घरी जात नसे, तिथेच डबा खाऊन उरलेल्या चिठ्ठ्या लिहीत बसे. तो पोचला तेव्हा दोन वाजत आले होते आणि एक गिऱ्हाईक कोटाच्या बाहीवरून वाद घालत होतं. ताई शांतपणे म्हणत होती, "हा डाग आमच्याकडचा नाही, काका. हा शाईचा आहे. आम्ही शाई वापरत नाही." काका पुटपुटत गेले. तिनं त्याला बघितलं.

"बारक्या! आत्ता कसा? काम नाही?"

"होतं. झालं."

"जेवलास?"

"ताई, त्या दिवशी मी तळघरात नव्हतो."

ती चिठ्ठी लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली नाही. नंबर पुरा केला, टाचणी टोचली, कपडा बाजूला ठेवला. मग उठली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि परत येऊन बसली.

"मला माहीत आहे."

"कसं?"

"कसं म्हणजे? तुझ्या कंपनीतून नंबर घेऊन मी फोन केला होता त्या कचेरीत. त्या बाईनं हात ठेवला रिसीव्हरवर, पण नीट ठेवला नव्हता. मागे तुझा आवाज आला. 'निघाला म्हणून सांगा.'" तिनं त्याच्या बोलण्याची नक्कलसुद्धा अचूक केली, शेवटचा शब्द गिळायची त्याची लकब होती ती. "मी उपकार झाले म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार होते परक्या बाईला?"

"मग तळघर…"

"ते मी सांगितलं सगळ्यांना. मामा आले, काकू आल्या, जो तो विचारायला लागला, तो कुठे होता, तो का नव्हता. तू भिंतीला टेकून उभा होतास, तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, तळघरात काम होतं, रेंज नव्हती. तू मान हलवलीस. मग महिन्याभरानं तुझ्याच तोंडून ऐकलं, तिथे पिवळा दिवा होता म्हणून." ती किंचित हसली, पण ते हसू लगेच विझलं. "मी म्हटलं, असू दे. त्याला दिवा हवा असेल तर असू दे."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

वर कुठे तरी इस्त्रीची वाफ सुटल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. टांगलेल्या कपड्यांच्या रांगांमधून ओल्या सुताचा वास येत होता. तो उभाच होता. म्हणाला, "मला वाटतं, मला वाटत होतं की मी पोचलोच नाही तर ते होणारच नाही. मी येईपर्यंत ती थांबेल. म्हणून मी… ताई, ती माझं नाव घेत होती आणि मी ट्रे धूत होतो."

"नव्हती घेत."

"काय?"

"आई नाव घेत नव्हती तुझं. कुणाचंच घेत नव्हती. तिला पहाटेपासून शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, आता काही कळत नाही त्यांना." ताईनं टाचण्यांची डबी उघडली, बंद केली. "तू लवकर यावंस म्हणून मी तसं म्हटलं फोनवर. आई बोलावते आहे म्हटलं. ती नव्हती रे बोलावत. मी बोलावत होते. मला भीती वाटत होती."

इतकी वर्षं तो आईची माफी मागत आला होता. दिवा मालवला की, रस्ता ओलांडताना, कुणाच्याही कचेरीत दहा मिनिटं स्टुलावर थांबलेला असताना. आई गप्प असे आणि तिच्या गप्प असण्याचा त्यानं हवा तो अर्थ लावून घेतला होता. आणि जिची मागायची ती दर रविवारी समोर बसून त्याच्या ताटात वाढत होती.

तो गल्ल्याच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. "सांग मला," तो म्हणाला. "साडेअकरापासूनचं. सगळं."

"नको."

"सांग ना."

"तुला बरं वाटावं म्हणून मी ते परत उकरू? माझं मी पुरलंय ते."

"मला बरं वाटायला नको. तिथे कुणीच नव्हतं तुझ्याबरोबर, म्हणून."

ती पुन्हा कपड्यांकडे वळली. एक सदरा पुढे ओढला, कॉलर तपासली, चिठ्ठी लिहिली, टोचली. दुसरा ओढला. त्यानं घड्याळाकडे बघितलं नाही. तिसऱ्या सदऱ्याची बटणं लावता लावता, मान वर न करता, ती म्हणाली, "साडेअकराला शेजारच्या खाटेवरच्या बाईला घरी सोडलं. तिचे लोक आले होते, सामान बांधत होते, हसत होते. मला म्हणाले, तुमची पण होईल बरी." आणि मग ती सांगत गेली. आईचा श्वास मधेच थांबायचा, मग ताई आकडे मोजायची, अकरापर्यंत मोजलं की परत सुरू व्हायचा. एकदा सोळापर्यंत गेली. परिचारिका आली आणि पाय झाकून गेली. खालच्या अंगणात कुणी तरी बादली आपटत होतं. तिला बाथरूमला जायचं होतं आणि ती गेली नाही, कारण तेवढ्यात झालं तर? तिनं आईच्या हाताची नखं कापली, पिशवीत कात्री होती म्हणून, आणि अर्धी कापून झाल्यावर तिला वाटलं आपण हे काय करतोय, म्हणून एका हाताची तशीच राहिली. बारा पन्नासला ती मोजत होती आणि आकडे पुढे पुढे जात राहिले. साठाच्या पुढे गेली तरी तिनं कुणाला हाक मारली नाही. नव्वदपर्यंत मोजलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर पावणेतीनपर्यंत एकटीनं काय काय केलं, कुठे सह्या केल्या, आईच्या चपला कुठल्या पिशवीत घातल्या, तेही सांगितलं. तो मधे एकदाही बोलला नाही. सांगणं तिचं होतं.

"आणि मग तू आलास," ती म्हणाली. सदरे संपले होते. "दारात उभा राहिलास. मी तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघितलं. नेहमी मनगटापर्यंत काळे असतात तुझे हात, नखांत प्रिंटरच्या शाईची भुकटी असते. त्या दिवशी स्वच्छ होते. साबणाचा वास येत होता. नखं सुद्धा घासलेली. मी मनात म्हटलं, याला हात धुवायला वेळ होता." तिचा आवाज तिथे पहिल्यांदा हलला. "बाकी सगळं मी कधीच सोडून दिलं, बारक्या. ते एक नाही सोडता आलं."

बाहेरून कुणी तरी शटरवर थापा मारल्या. अर्ध्या उघड्या फटीतून दोन पाय आणि कपड्यांचं गाठोडं दिसत होतं.

"चार वाजता या," ताई बसल्या जागेवरून म्हणाली.

"चार वाजून गेले की हो!"

तिनं वर घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो उठून शटर वर करायला निघाला तेव्हा तिनं गल्ल्यावरून हात लांब करून त्याची बाही धरली, आणि बाहेरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "आज जरा थांबा. माझा भाऊ आलाय."